बाटलीवरची शेजारीण

या दुखण्याने मला इतकं दमवलं आहे की त्याच्याबद्दल लिहायचाही कंटाळा येतो. तरी बसलो आहे. मागच्या महिन्यात चामोर्शीच्या बाजारात एक बाई पोर मांडीवर घेऊन बसलेली दिसली. पोराच्या हातापायांची बोटं सुजलेली, डोळे पिवळे, आणि पोटावर बिब्ब्याचे ताजे चटके. नाव विचारलं तर म्हणाली, धोंड्या. मी तिला म्हटलं, याला चांद्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात ने आणि रक्त तपासून घे. ती म्हणाली, "रगतात काय दिसते जी? रगत तं लालच राह्यते." मी समजावत बसलो. बाजार उठला तरी तिला ते पटलं नाही, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. घरी आल्यावर वाटलं, एकदा सगळं लिहून काढावं. गावात कोणी वाचता येणारा असेल तर तो तिला वाचून दाखवील.

मी डॉक्टर नाही. जंगल ठेकेदाराच्या लाकडाच्या डेपोत मुन्शी आहे. सागाचा ओंडका मोजायचा आणि त्याच्या तोंडावर हातोड्याने डेपोची खूण उठवायची, एवढंच मला येतं. पण या एका दुखण्यातलं मला जितकं कळतं, तितकं आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला कळत असेल असं वाटत नाही. कळून घ्यायची हौस नव्हती, अंगावर येऊन पडलं.

सूपभर कोंडा

माझं नाव कोंडू. असं नाव का, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. माझ्याआधी घरात तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. दोघं रांगायच्या वयात, हातपाय सुजून. बहीण सहा वर्षांची झाली आणि पिवळी पडून गेली. माझ्या वेळी गावच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की मरणाने हे घर हेरलं आहे, तेव्हा हे पोर या घरचं ठेवायचं नाही. बाराव्या दिवशी मला शेजारच्या सोनाबाईला विकलं. तिची पाचही लेकरं धडधाकट, म्हणून ती. तिने मोल म्हणून आमच्या उंबऱ्यावर सूपभर कोंडा ओतला आणि मला उचलून नेलं. दूध पाजायची वेळ झाली तसं परत आणलं, पण ते आता तिचं पोर सांभाळायला दिलं म्हणून.

तेव्हापासून सोनाबाई माझी माय. जिने मला जन्म दिला तिला मी काकी म्हणतो, आणि ती मला "सोनीचा पोट्टा" म्हणते. राहतो मी काकीच्याच घरात, जेवतो तिच्याच हातचं. पण तिने मला आपला म्हणायचं नाही. म्हटलं की मी गेलो, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. आजारात तर तिने माझ्या खाटेजवळ यायचंच नाही, कारण मरण चौकशीला येतं ते आजारातच. मला ताप आला की काकी पेज करून उंबऱ्यावर ठेवायची, आणि सोनामाय ती आत आणून मला पाजायची. लहानपणी मला याचा फार राग यायचा. भिंतीपलीकडे काकीच्या बांगड्या वाजताना ऐकू यायच्या आणि ती आत येत नसायची. मोठेपणी त्याची सवय झाली.

नाल्यातली आंघोळ

आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, त्या हिवाळ्यातली गोष्ट. डेपोत रिवाज असा की सकाळी नाल्यात आंघोळ केल्याशिवाय हातोड्याला हात लावायचा नाही. थंडीत ते पाणी हाडात शिरायचं. दर हिवाळ्यात मला दुखायचं, कधी गुडघा, कधी पाठ. लोक म्हणायचे वात आहे. बिब्बे घालून घेतले. कोणी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, कोणी लोहाचं औषध दिलं. चार-सहा दिवसांनी दुखणं आपणच जायचं, आणि जे औषध शेवटी घेतलं असेल त्याचं नाव व्हायचं.

त्या वर्षी मात्र ते गेलं नाही. डाव्या कंबरेत अशी कळ उठली की मी ओंडक्यांच्या थप्पीला धरून खाली बसलो तो उठलोच नाही. हे दुखणं कसं असतं ते लिहिता येत नाही. कोणी हाडात पाचर ठोकत आहे आणि थांबायचं नाव घेत नाही, एवढंच म्हणतो. मी मोठा माणूस, चोवीस वर्षांचा, मजुरांसमोर रडलो.

डेपोतून लाकूड नेणाऱ्या ट्रकवर रहीमभाई ड्रायव्हर होता, चांद्याचाच. त्याने मला केबिनमध्ये निजवलं. वाटेत गावाशी थांबून बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि सोनामायला घेतलं. काकी दाराशी उभी होती. ती ट्रककडे पाहत नव्हती, आमच्या गोठ्याकडे पाहत होती.

चांद्याचा दवाखाना

तिथले डॉक्टर तरुण होते, नागपूरला शिकून आलेले. त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, अंगात रक्तच नाही. आधी रक्त द्यावं लागेल. बाचं जुळेना, सोनामायचं जुळेना. रहीमभाईचं जुळलं. ट्रक बाहेर उभा ठेवून त्याने बाटलीभर रक्त दिलं आणि जाताना म्हणाला, "देख मुन्शी, आता हॉर्न ऐकला का तुहा पाय ब्रेकवर जाईन." दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मी हसलो, आणि हसल्याने कंबर दुखली.

दवाखान्याचा दिवस फार लांब असतो. सकाळी झाडू, मग थर्मामीटर, मग चहा, मग नुसतं छत. छताच्या कौलांमधून एक उन्हाचा तुकडा यायचा आणि दुपारपर्यंत भिंतीवरून शेजारच्या म्हाताऱ्याच्या खाटेवर जायचा. मी त्याचीच वाट पाहायचो. सोनामाय पायथ्याशी बसून माझी पोटरी दाबायची. बा व्हरांड्यात बसून असायचा. आम्ही तिघंही थकलो होतो, आणि थकलेली माणसं एकमेकांवर खेकसतात तसे खेकसत होतो.

डॉक्टरांनी कंबरेचा फोटो काढला. हाडावर डाग दिसला. ते म्हणाले, हाडाचा क्षय असू शकतो. तसं असेल तर छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लॅस्टर घालून दहा-बारा महिने निजून राहावं लागेल. पण डोळे पिवळे का, हे त्यांना कळेना. त्यांनी माझं रक्त काचेखाली पाहिलं आणि परत आले ते वेगळंच तोंड करून.

"तुझ्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात," ते म्हणाले. "मी हे आजवर पुस्तकातच वाचलं होतं."

कागदावरच्या रेषा

पुढचं त्यांनी मला आणि सोनामायला पाटीवर लिहून शिकवावं तसं समजावलं, म्हणून मी इथे लिहू शकतो. रक्ताचा लाल रंग एका प्रथिनाचा असतो. ते चांगलं असतं तसं वाकडंही असतं. प्रत्येकाला त्याचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच वाटा वाकडा आला तर माणूस जन्मभर हिंडतो-फिरतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोन्ही वाकडे आले तर हा आजार. पेशी वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाड उपाशी राहून ओरडतं. पण वाटा एक असो की दोन, काचेखाली पेशी वाकलेल्याच दिसतात. एक आहे की दोन, हे कागद सांगतो.

नागपूरला त्यांचे गुरुजी होते. त्यांच्याकडे एक पेटी होती. कागदाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, पट्टी औषधाच्या पाण्याने भिजवायची आणि दोन टोकांना वीज लावायची. प्रथिनं कागदावरून चालायला लागतात. "दोन बैल एकदम सोडले आणि त्यातला एक लंगडा असला तर काय होईल, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"लंगडा मांगं राह्यते," सोनामाय म्हणाली.

"तसंच. चांगलं पुढे जातं, वाकडं मागे राहतं. कागदावर रेषा उठतात."

बर्फ घातलेल्या थर्मासात माझ्या रक्ताची बाटली चांदा फोर्ट स्टेशनावरून छोट्या रुळांच्या गाडीने नागपूरला गेली. उत्तर आलं, दोन रेषा. एक चांगली, एक वाकडी.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. चांगली रेषा माझी की रहीमभाईची, हे कसं ठरवायचं? रक्त देण्याआधी माझी बाटली काढून ठेवायला हवी होती, ते राहून गेलं, हे त्यांनी सरळ कबूल केलं. चार महिने थांबलं तर पाहुण्याचं रक्त संपून जाईल, पण क्षय असला तर तोवर हाड संपेल. मग त्यांना वाट सुचली. मायबापाचं रक्त पाठवायचं. दोघांतही वाकडी रेषा असली तर माझा आजार पुरा. एकातच असली तर माझ्या वाट्याला अर्धाच आलेला, आणि अर्ध्याने हाड असं दुखत नाही. मग तो क्षयच.

"मायबाप इथेच आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. चोवीस वर्षांत माय म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच बाई येत होती, आणि ती माझ्या पायथ्याशी बसली होती.

"घरात आणखी कोणाला असं दुखतं?"

"माह्या पोराइले कधी शिंकबी नाई आली," सोनामाय म्हणाली. तेही खरंच होतं. तिच्या पाच पोरांना खरोखरच काही होत नव्हतं.

प्लॅस्टरचा मंगळवार

उत्तर आलं. बाच्या पट्टीत दोन रेषा. आईच्या पट्टीत एकच, चांगली.

"तुला आईकडून काहीही वाईट आलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे तुझ्यात अर्धंच आहे. हा हाडाचा क्षय. मंगळवारी प्लॅस्टर घालू."

सोनामाय हरखली. "पाहा, माह्या रगतात काई खोट नाई," असं ती म्हणाली, आणि माझी पोटरी दाबणारा तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना ते एकदमच कळलं.

डॉक्टर गेल्यावर बा आत आला. त्यालाही कळलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "कोनी काई बोलाचं नाई. बांधू दे पिलाष्टर."

"बा, वर्षभर निजून राहू? अन् दुखणं दुसरंच असलं तर?"

"पाय गेला तं चालन. पोट्टा राह्यला पाह्यजे. तुह्या काकीले इथी आनलं अन् 'माहा पोट्टा' असं तिच्या तोंडून निंगून गेलं, मंग?"

पुढचे दोन दिवस मी हाच विचार करत पडलो. माझा काकीच्या बोलाने मरण्यावर विश्वास नव्हता असं म्हटलं तर मी शहाणा दिसेन, पण ते खरं नाही. थोडा होता. तीन पोरं गेलेल्या घरात वाढलेल्या माणसाचा थोडा असतोच. आणि त्याहून मोठी भीती काकीची होती. मी उद्या कशानेही गेलो तरी ती जन्मभर म्हणत राहील की मी तोंड उघडलं म्हणून गेला.

मंगळवारी कंपाउंडरने बादलीत पट्ट्या भिजवल्या. त्या पांढऱ्या गाळाचा वास आला आणि माझा धीर सुटला. शहाणपणाने नाही, कंटाळ्याने सुटला. मला इतकं निजून राहवणार नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "ही माझी माय नाही."

डॉक्टरांना वाटलं तापात बरळतो आहे. सोनामायने पदराचा बोळा तोंडात धरला. ते वाक्य बोलताना मला जे झालं ते कंबरेच्या कळेहून वाईट होतं. मी तिचा हात धरून ठेवला आणि सूपभर कोंड्याची सगळी गोष्ट सांगितली.

डॉक्टर चिडले. "हे आधी सांगता येत नव्हतं, बाई?"

"तुमी माय इचारली," सोनामाय म्हणाली. "माय मीच आहो."

डॉक्टरांनी कंपाउंडरला बादली उचलायला सांगितली.

बा काकीला आणायला गेला. या वेळी ट्रक नव्हता; वैनगंगा डोंग्याने ओलांडायची, पुढे बैलगाडी, पुढे मोटार. तिसऱ्या दिवशी ती आली आणि वॉर्डाच्या दाराबाहेर पाठ करून उभी राहिली. आत येईना. डॉक्टर सुई घेऊन व्हरांड्यात गेले. मला खाटेवरून सगळं ऐकू येत होतं.

"मी काई म्हननार नाई," काकी म्हणाली. "रगत घ्या. पायजे तेवढं घ्या."

बाटलीवर चिठ्ठी लावायला कंपाउंडरने विचारलं, रोग्याचं नातं काय?

"शेजारीन," काकी म्हणाली.

कंपाउंडरने डॉक्टरांना विचारलं, हेच लिहू का? डॉक्टर म्हणाले, "लिहा. शेजारीण." त्या माणसाचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण हा सगळ्यात मोठा.

नऊ दिवस

उत्तर यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस काकी भिंतीपलीकडे व्हरांड्यात बसून होती. तीन विटांची चूल मांडून पेज करायची आणि सोनामाय ती आत आणायची. पेजेत मीठ थोडं जास्त, लहानपणासारखंच. मी रोज विचारायचो, काकी जेवली का? सोनामाय म्हणायची, "तू आधी जेव. ती तुहं ताट रिकामं पाह्यल्याबिगर जेवत नाई." मग मी भूक नसली तरी संपवायचो. याच दिवसांत दुखणं उतरायला लागलं. डॉक्टरांनी मला ऊबेत ठेवलं होतं आणि तासातासाला पाणी पाजत होते, आणखी काही नाही.

एकदा सोनामाय भरून आल्यासारखी म्हणाली, "मले तू नाई म्हनलं ना रे, ते मी धरून नाई ठेवलं." म्हणजे धरून ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, तू पुन्हा पोटरी दाब.

चिठ्ठी

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर पाकीट घेऊन आले. एका पुठ्ठ्यावर कागदाच्या चार पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, बोटाएवढ्या रुंद. सोबत गुरुजींची चिठ्ठी. डॉक्टरांनी ती दाराजवळ उभं राहून मोठ्याने वाचली, आतल्यांना आणि बाहेरचीलाही ऐकू जावी म्हणून.

"शेजारीण म्हणून पाठवलेल्या बाईच्या पट्टीत रोग्याच्या वडिलांसारख्याच दोन रेषा आहेत. ही शेजारीण रोग्याची कोण, याची नीट चौकशी करून कळवा."

बाहेरून काकीचा आवाज आला. "म्हंजे काय जी?"

"म्हणजे याला क्षय नाही. प्लॅस्टर नाही. याचा आजार दुसरा आहे. तो जाणार नाही, पण त्याला सांभाळता येतं."

"अन् बाकीचे तीन?"

"त्यांनाही हेच असणार. एक वाटा तुमचा, एक याच्या बाचा. दोघांचा सारखा. कोणाची नजर नाही, करणी नाही, कोणाचा दोष नाही."

बा खाली मान घालून बसला होता. आमच्या घरात तीस वर्षं सगळे काकीच्याच नशिबाला बोल लावत होते, आणि त्यात बाही होता.

काकी आत आली. माझ्या खाटेजवळ येऊन उभी राहिली. आजारपणात तिला इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिने डॉक्टरांच्या हातातला पुठ्ठा घेतला. "यातली माही कोनती?" डॉक्टरांनी दाखवली. "अन् याच्यातली?" त्यांनी माझ्या पट्टीवरची तशीच मागे राहिलेली रेषा दाखवली. तिने त्या रेषेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

"विकला तरी गेला नाई मंग," ती म्हणाली. ते ती कोणाला म्हणाली, मला माहीत नाही. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "त्या नागपूरवाल्याइले लिवून देजा. शेजारीन नाई. माय आहो मी याची."

सोनामायने डोळे मिटून घेतले. बा खिडकीकडे पाहत राहिला. मीही श्वास रोखून धरला होता, हे कबूल करतो. काही झालं नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकला. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, रजिस्टरमधला शेजारीण हा शब्द खोडला आणि वर आई असं लिहिलं.

आता

हा आजार बरा होत नाही, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू? दर वर्षी दोन-तीन वेळा कळ येते. डेपोतली आंघोळ मी सोडली आहे. ऊन पाणी घेतो आणि मग हातोडा उचलतो, लोक हसले तर हसू देतो. पाणी भरपूर पितो. बिब्बा अंगाला लावू देत नाही. लोहाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही. थकवा जात नाही. कधी कधी सकाळी उठून बसायचंही जिवावर येतं. पण दुखण्याला नाव असलं की निदान त्याच्याशी भांडता येतं, नाहीतर माणूस घरच्यांशी भांडत बसतो.

कळ आली की आता एक उशाशी बसते आणि एक पायथ्याशी. पेजेत मीठ किती, यावर दोघींची कुरबूर चालते, आणि मी डोळे मिटून ऐकत पडतो.

धोंड्याच्या मायला एवढंच सांगायचं आहे. पोराचं नाव ऐकूनच मी ओळखलं होतं, हाही माझ्यासारखाच विकलेला असणार. त्याला विकत घेणारी कोणी असेल, तिचे उपकार माना, तिला सोबतही न्या. पण रक्त देताना बाई, तू हो पुढे.

काकीला मी अजून काकीच म्हणतो, तोंडाला तेच वळण पडलं आहे. ती मात्र बाजारात कोणी विचारलं की सरळ सांगते, हा माहा पोरगा. पहिल्यांदा म्हणाली त्याला तीन हिवाळे झाले. मी अजून आहे.